शेजारच्या काकूंची नेकी

गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एक प्रश्न निघाला आणि आम्ही त्याचं उत्तर टाळलं. दिंडोशीच्या एका चाळीत राहणारी मुलगी सांगत होती, "टीचर, रात्री दोन वाजता दादीला श्वास घेता येईना. अब्बू नाइट ड्यूटीवर होते. शेजारच्या काकूंनी रिक्षा आणली आणि सकाळपर्यंत आमच्याबरोबर दवाखान्यात बसल्या." मागच्या बाकावरून आवाज आला, "पण त्यांच्याकडे ईमान नाही ना? मग काय उपयोग?" मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो.

घरी आल्यावर आठवलं, की एकाच ईश्वराला मानणाऱ्या यहुदी समाजातही या प्रश्नावर खूप विचार झाला आहे. हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएलींना गावकरी 'शनवार तेली' म्हणत. घाण्यावर पोट असूनही ते शनिवारी घाणा बंद ठेवत. हिब्रू भाषा विसरली, पण ईश्वर एक असल्याची साक्ष, सुंता आणि शनिवार त्यांनी सोडला नाही. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनागृह १७९६ साली मांडवीत उभं राहिलं. त्यालाही ते 'मशीद'च म्हणत.

त्यांचा मोठा विद्वान मूसा बिन मैमून हा कैरोत राहणारा हकीम. १२०४ साली तो वारला. श्रद्धेची तेरा तत्त्वं त्याने अरबीत लिहिली : ईश्वर एक आहे, त्याला शरीर नाही, इबादत फक्त त्याचीच. अकीद्याबाबत इतका काटेकोर माणूस, तरी यहुदी नसलेल्या नेक माणसालाही आखिरतमध्ये वाटा आहे, असं तो सांगतो. त्यासाठी हजरत नूह (अलै.) यांच्या वंशजांना दिलेले सात नियम पाळावेत : मूर्तिपूजा, ईशनिंदा, खून, व्यभिचार आणि चोरी करू नये, जिवंत जनावराचा अवयव तोडून खाऊ नये आणि न्यायालयं स्थापावीत. अट एकच, हे नियम ईश्वराची आज्ञा म्हणून पाळावेत. केवळ बुद्धीला पटले म्हणून पाळणाऱ्याला तो या नेक लोकांत धरत नाही. मग त्याला निदान शहाणा तरी म्हणायचं का? इथे ग्रंथाच्या प्रतींत एका छोट्या शब्दाचा फरक आहे आणि विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

याच मूसाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला हात पसरण्यापासून वाचवणं. दानाला त्यांच्याकडे 'त्सदाका' म्हणतात. आपल्या 'सदका'चा हा सख्खा भाऊ, आणि त्यात न्यायाचा अर्थ आहे.

त्यांचा सगळा अकीदा आपला नाही. पण श्रद्धा आणि कृती एकत्र मोजायची, हे आपल्यालाही ठाऊक आहे. सूरह बकराच्या १७७व्या आयतीत नेकीचा अर्थ सांगताना ईमानाच्या लगेच पाठोपाठ नातलग, यतीम आणि गरजूंना माल देणं येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात कबूल केलं, "काल आम्ही गप्प बसलो, ते चुकलं. कोणाच्या आखिरतचा निवाडा अल्लाहचा. उपकार मानणं मात्र आपलं काम." मग मागच्या बाकाकडे पाहून विचारलं, "बेटा, काकूंच्या घरी रात्री दोन वाजता अडचण आली, तर आपलं ईमान त्यांना कशात दिसेल?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रिक्षा मी आणीन, टीचर."