जुन्या सर्व्हरचे अडलेले टपाल

समजा, परतूरच्या एखाद्या शाळेत २०११ साली बसविलेला एक सर्व्हर आहे. त्यावर लिनक्सची सेंटओएस ५ ही आवृत्ती चालते. निकालपत्रके, हजेरीपट सारे त्यावर सुरळीत निघते. पण पालकांना ई-मेल पाठवू गेले की पत्र काही केल्या बाहेर पडत नाही. अशा वेळी दोनच सल्ले कानी पडतात. एक, 'ते सुरक्षिततेचे काय आहे ते बंद करून टाका'. दुसरा, 'यंत्र भंगारात काढा'. हे दोन्ही सल्ले आळशीपणाचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र अडते तरी का? जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एस.एम.टी.पी. ही पत्रवहनाची नियमावली लिहिली, तेव्हा जाळ्यावरील संगणक मोजके होते. पत्र उघड्या पोस्टकार्डासारखे जाई आणि कोणीही कोणाच्याही नावाने ते टाकू शके. पुढे नकोशा पत्रांचा पूर आला आणि दारोदार पहारे बसले. पत्रे ज्या २५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे दारातून जात, ते अनेक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांसाठी बंद केले. आता पत्र ५८७ किंवा ४६५ या दाराशी, नाव व परवलीचा शब्द सांगून आणि टी.एल.एस. या गुप्तलिपीच्या पद्धतीने सोपवावे लागते. या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये रीतसर बाद ठरल्या. आपल्या सर्व्हरला नेमकी १.० तेवढी येते!

परतूरकरांना हे समजायला अवघड नाही. मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. पुढे तो ब्रॉडगेज झाला. रुळांमधील अंतर १००० मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटर झाले. मग जुना डबा कितीही धडधाकट असो, तो या रुळांवर धावणार कसा?

मात्र दोष याच ठिकाणी आहे, हे आधीच ठरवून टाकू नका. सर्व्हर 'मेललॉग' नावाची रोजनिशी लिहीत असतो; ती उघडा. पलीकडून आलेल्या उत्तराचा आकडा २ने सुरू होत असेल तर पत्र स्वीकारले गेले. ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे. पोस्टफिक्ससारखी प्रणाली सहसा पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहते. ५ म्हणजे साफ नकार, आणि त्यातही ५३५ म्हणजे नाव किंवा परवलीचा शब्द मान्य नाही. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर बहुधा दारच बंद आहे. संगणकाचे घड्याळही पाहा. ते चार वर्षे मागे पडले असेल, तर त्याला पलीकडचे चांगले प्रमाणपत्रही खोटे वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलून पत्र गेले, तर कशामुळे गेले ते कोण सांगणार?

आता त्या दोन सल्ल्यांकडे वळू. गुप्तलिपी बंद केली, तर शाळेचा परवलीचा शब्द, मुलांचे गुण, पालकांचे फोन क्रमांक हे सारे वाटेत कोणालाही वाचता येईल. तशी परवानगी पालकांनी दिलेली नाही. भंगाराचे म्हणाल, तर येथे म्हातारे झाले आहे ते लोखंड नव्हे, त्यावरची प्रणाली. सेंटओएस ५ची देखभाल मार्च २०१७ मध्येच थांबली. सर्व माहितीची प्रत दुसरीकडे ठेवून, त्याच ६४ बिटच्या यंत्रावर डेबियनची नवी आवृत्ती विनामूल्य बसविता येते. सुटी लागेपर्यंत तेवढी उसंत नसेल, तर शाळेतील एखाद्या नव्या संगणकाला पोस्टमन नेमा: जुन्याने पत्र शाळेच्या आतल्या आत त्याच्याकडे द्यावे आणि पुढचे त्याने पाहावे. जुन्या सर्व्हरला बाहेरच्या जाळ्यावर मात्र उघडे ठेवू नये.

शिक्षकांना एक विनंती आहे. ती रोजनिशी, पालकांचे पत्ते झाकून, नववीच्या वर्गापुढे ठेवा आणि पत्र कोठे अडले ते मुलांनाच शोधू द्या.