संत्र्याचा प्रक्रिया उद्योग टाकायचाय? मग मशीन सगळ्यात शेवटी घ्या

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावं आहेत. एक चांदूर रेल्वे, दुसरं चांदूर बाजार. हा विषय दुसऱ्या चांदूरचा.

वरुड, मोर्शी, अचलपूर आणि चांदूर बाजार हा संत्र्याचा पट्टा. इथला बराच माल बांगलादेशात जायचा. २०१९ मध्ये बांगलादेशने संत्र्यावर किलोमागे २० टका आयात शुल्क लावलं आणि वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ते ८८ टक्यांवर नेलं. तिकडचं गिऱ्हाईक आटलं, माल देशातल्याच मंडईत उतरला आणि भाव पडले. तेव्हापासून गावात एक सल्ला सर्रास मिळतो: संत्रा कच्चा विकू नका, प्रक्रिया करा.

सल्ला चुकीचा नाही. पण बहुतेक जण सुरुवात करतात ती मशीनच्या कोटेशनपासून. कारण काय, तर कोटेशन असलं की प्रकल्प अहवाल होतो, अहवाल असला की कर्ज होतं आणि कर्ज झालं की अनुदान येतं.

इथे अनुदान म्हणजे नेमकं काय ते बघू. २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पीएमएफएमई योजना आणली. त्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. ऐकायला झकास वाटतं. पण ही रक्कम तुमच्या हातात पडत नाही. ती बँकेत कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात राहते. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यावर तीन वर्षं उद्योग चालू असला आणि कर्ज थकलेलं नसलं, तरच ती कर्जात वळती होते.

आता हिशेब मांडा. १० लाखांचा प्रकल्प, स्वतःचे १ लाख, बँकेचं कर्ज ९ लाख. त्यातले साडेतीन लाख अनुदानाचे धरले तरी साडेपाच लाख फेडायचेच. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याला साधारण १२ हजारांचा हप्ता बसतो. संत्रा मात्र बाराही महिने नसतो. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. एप्रिल सरला की मशीनवर ताडपत्री पडते. हप्ता चालू राहतो, विजेच्या बिलातला स्थिर आकारही चालू राहतो. पावसाळ्यात त्याच मशीनवर दुसरं काय चालवणार, याचं उत्तर नसेल तर तो प्रकल्प कागदावरच बरा.

आणि संत्र्याची स्वतःची एक खोड आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो, पण ठेवला की कडवट होत जातो. लिमोनिन नावाचं द्रव्य रसात हळूहळू तयार होतं, म्हणून असं होतं. बिया भरडल्या गेल्या तर कडूपणा आणखी वाढतो. गाड्यावर ग्लासात विकणाऱ्याला याचा त्रास नाही. बाटलीत भरून चार महिने टिकवू म्हणणाऱ्याला हाच मोठा अडसर. मोठे कारखाने कडूपणा काढायची यंत्रणा बसवतात, घरगुती युनिटला ती झेपत नाही. मिहानमधल्या पतंजलीच्या प्रकल्पाचं मार्च २०२५ मध्ये उद्घाटन झालं, त्याची क्षमताच दिवसाला ८०० टन संत्र्याची सांगितली जाते. त्यांच्याशी साध्या ज्यूसमध्ये भावाची स्पर्धा करायला जाणं म्हणजे बैलगाडीने एसटीला ओव्हरटेक करणं.

मग लहान माणसाने काय करायचं? एकच पदार्थ धरायचा. बर्फी, मार्मलेड, सरबत, वाळवलेली साल, काहीही. (सालीची पावडर चेहऱ्याला लावायला म्हणून विकली की ती सौंदर्यप्रसाधन ठरते आणि परवाना वेगळा लागतो, हे अनेकांना पाकिटं छापून झाल्यावर कळतं.) अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी, विक्री नंतर. पहिला हंगाम घरच्या शेगडीवर किंवा ज्याच्याकडे आधीच परवाना आणि मशीन आहे त्याच्याकडून माल बनवून घेऊन काढायचा. तसं केल्यास लेबलवर बनवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं, दोघांचंही नाव येतं. त्यात काही कमीपणा नाही.

या हंगामात दोनच गोष्टी तपासायच्या. बरणी तीन महिन्यांनी उघडली तर चव तीच राहते का? आणि परतवाडा, अमरावतीच्या दुकानात एकदा नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा मागायला येतं का? नातेवाइकांची खरेदी यात धरायची नाही. दोन्हींची उत्तरं 'हो' आली, तर कोटेशन मागवा. तेव्हा किती क्षमतेचं मशीन हवं हेही कळलेलं असतं. चुरी, म्हणजे बारीक संत्रा, स्वस्तात मिळतो म्हणून क्षमता वाढवायची नसते. माल किती मिळतो यापेक्षा किती खपतो, त्यावर आकडा ठरवायचा.

राहिली उधारी. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. या नोंदणीचा खरा उपयोग वसुलीला होतो. कायद्याने सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर कोणी हा कायदा काढत बसत नाही, त्याच्याशी रोखीनेच बरं. पण माल मॉलला किंवा मोठ्या वितरकाला द्यायची वेळ आली, तर बिलावर उद्यम क्रमांक पहिल्या दिवसापासून छापलेला असू द्या.