परीक्षणावाचून रंगभूमी

(दीर्घ धागा. विषय झाडीपट्टीच्या नाटकांचा आहे. तक्रार मात्र आपणा हौशी परीक्षकांविरुद्ध आहे.)

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले. त्यानंतर महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची, सुधाकराची गणपतराव बोडसांची. शंभरांहून अधिक वर्षे उलटल्यावरही आपण हे सांगू शकतो, कारण त्या काळी नाटक पाहून आलेला मनुष्य घरी जाऊन लिहीत असे. कोणी स्तुती लिही, कोणी खोड काढी, कोणी वृत्तपत्रातून भांडण मांडी. रंगभूमीचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो, त्यातील पुष्कळसा भाग या लिहिण्यातून उरलेला आहे.

आता सावनेरहून पूर्वेस, वैनगंगेच्या खोऱ्यात या. हेच ‘एकच प्याला’ धानाच्या कापलेल्या बांधीत, कनातीच्या आड, कडाक्याच्या थंडीत येथील मंडळ्यांनी केले. कोणत्या गावी, कोणत्या साली? तळीराम कोण झाला होता, आणि त्याच्या कोणत्या वाक्याला मंडप हसला? आपल्यापैकी कोणालाही हे कागद दाखवून सांगता येणार नाही. पाहणारे हजारो होते, लिहिणारा एकही नव्हता.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी आटोपली, धान घरात आले, की मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्यांच्या जोडीने गावोगाव नाटके लागतात. हंगाम होळीपर्यंत चालतो. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे संपतो. मंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजेच देसाईगंज. गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावरचे हे स्थानक असल्याने बाहेरगावचा नट येथेच उतरतो. गावातील मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवते, बयाणा देते, तिकिटे लावते. त्या रात्री गावात घरोघरी पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. या नाटकाच्या आधीही येथे दंडार होती, खडी गंमत होती. आजच्या खेळातील विनोदाचा आणि नाचगाण्याचा बराचसा अंश मला तरी तेथून आलेला दिसतो.

एवढ्या मोठ्या व्यवहाराची समीक्षा का उभी राहिली नाही? एक कारण प्रशासकीय आहे. १९५६ पर्यंत चांदा आणि भंडारा हे जिल्हे मध्यप्रांतात व पुढे मध्यप्रदेशात होते. मराठी नाट्यसमीक्षा वाढली ती मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांत, दुसऱ्याच प्रांतात. पण हे कारण १९६० नंतर पुरत नाही. दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. शहरातील परीक्षण वृत्तपत्रातील जाहिरातीच्या शेजारी जन्मले. नाटकवाल्याला वृत्तपत्राची गरज होती, वृत्तपत्राला नाटकाची. झाडीपट्टीच्या मंडळीला ती गरज कधी पडलीच नाही. भिंतीवरचे पोस्टर आणि गाडीवरचा भोंगा एवढ्यावर मंडप भरतो. शिवाय प्रयोग एका गावात एकाच रात्रीचा. परीक्षण छापून येईपर्यंत मंडळी पाच गावे पुढे गेलेली असते.

हे झाले समजून घेण्याचे. जे समजून घेता येत नाही, ते शहरी रसिकाचे नाक मुरडणे. नाटक फार लांबते, गाणी फार, अभिनय भडक, ही ती तीन ठरलेली दूषणे. ज्या संगीत रंगभूमीला आपण सुवर्णकाळ म्हणून पूजतो, तिचे खेळ तरी काय दोन तासांत आटोपत होते? तेथेही रात्र सरे, तेथेही वन्समोअरवर वन्समोअर घेतले जात आणि कथानक ताटकळत उभे राही. आजोबांना जे शोभले ते वडशाच्या चुलतभावाला शोभत नाही, असे म्हणणाऱ्याने कारण द्यावे. आणि अभिनय! उघड्या बांधीत शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीपर्यंत जो पोहोचवायचा आहे, तो भुवई उचलून पोहोचत नाही. मोठा आवाज, मोठा हातवारा, पुन्हा उच्चारलेले वाक्य, ही त्या जागेची गरज आहे. ती गरज कोणी कौशल्याने भागवली आणि कोणी केवळ आरडाओरड केली, हे ओळखणे परीक्षकाचे काम. ते काम टाळून सगळ्यालाच ‘भडक’ म्हणणे हा आळस आहे.

२०२२ साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला. विषय हीच रंगभूमी. चित्रपटाची परीक्षणे झाली, आपणही समाजमाध्यमांवर ती हौसेने लिहिली. म्हणजे या नाटकाची छाया पडद्यावर पडली तेव्हा ती परीक्षणास पात्र ठरली. ज्याची ती छाया, ते नाटक त्याच हिवाळ्यात गावोगाव चालू होते, आणि त्याविषयी लिहावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

२०२३ साली कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आनंदाचीच गोष्ट. बातम्यांतून त्यांच्या प्रयोगांचा हजारोंचा आणि भूमिकांचा शेकड्यांचा आकडा आला, आणि ‘विदर्भाचे दादा कोंडके’ ही उपाधी आली. आकडा म्हणजे समीक्षा नव्हे, आणि दुसऱ्या नटाचे नाव उसने देणे ही तर समीक्षेची कबुली आहे, की आम्ही या माणसाकडे नीट पाहिलेले नाही. त्यांच्या विनोदाची जात कोणती? शब्दांतला, देहातला, की समोरच्या प्रेक्षकाला ओढून घेणारा? ‘झाडीवूड’ हा शब्दही याच रोगाचा. मुंबईच्या हिंदी सिनेमाची शेपटी लावल्याशिवाय आपल्याच वस्तूचे मोल आपल्याला कळू नये, हे लाजिरवाणे आहे.

येथवर टाळ्या वाजवणाऱ्या स्थानिक चाहत्यांनी आता ऐकून घ्यावे. आपण काय लिहितो? ‘अप्रतिम’, ‘हाउसफुल्ल’, नटासोबतचे छायाचित्र, खाली हात जोडलेली चिन्हे. मीही हेच केले आहे. पहाटे डोळे चोळत परतताना ज्या गोष्टी मित्राला बोललो, त्या लिहिल्या नाहीत. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी पोहोचत होता. गेल्या वर्षी पाहिलेल्या चित्रपटाचे कथानक नावे बदलून आले होते. नाचाच्या गाण्यांनी दुसरा अंक खाल्ला आणि तिसरा उजाडायच्या भीतीने पळवला. विनोदी पात्राच्या द्व्यर्थी वाक्यांवर पुढे बसलेल्या बायकांनी मान खाली घातली. पोस्टरवर मालिकेतील तारका मोठी आणि जिने नाटक तोलले ती गडचिरोलीची नटी कोपऱ्यात. ‘आपल्याच माणसांचे उणे कशाला काढायचे’ म्हणून हे दडवणे, यात प्रेम कमी आणि भिडस्तपणा जास्त.

एक आक्षेप नेहमी येतो : ज्या प्रेक्षकासाठी हे नाटक आहे त्याला परीक्षण नको असते. हे साफ खोटे. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून पाहा. कोणता नट बसका झाला, कोणत्या गाण्यात पेटी मागे पडली, कोणत्या प्रवेशात रडू आले, याची जी चिरफाड तेथे होते ती शहरातील साप्ताहिक स्तंभात क्वचित आढळेल. तिचा परिणामही रोकडा असतो : पुढच्या वर्षी मंडळ वडशाला जाऊन कोणाला बयाणा देते, ते त्या गप्पांतही ठरते. परीक्षण आहेच, ते लिहिले जात नाही, एवढेच.

आणि न लिहिल्याने काय हरवते ते पाहा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. ज्या शंकरपटाच्या आधाराने कित्येक गावांत नाटक लागत असे, तो पट इतकी वर्षे बंद. त्या काळात तारखा कशा बदलल्या, प्रेक्षक कोठून आला, नाटकांचे विषय सरकले का? नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर ‘आत्महत्या’ हे नाटक केले. ते पाहताना कापूस पिकवणाऱ्याचे आणि धान पिकवणाऱ्याचे मन सारखेच हलले का? पंधरा-वीस जागरूक चाहत्यांनी दर हंगामात चार-चार खेळांविषयी लिहिले असते, तर आज ही उत्तरे हाताशी असती.

तेव्हा या धाग्याखाली ‘सुंदर माहिती’ असे लिहू नका. गेल्या हंगामात पाहिलेल्या एकाच नाटकाविषयी लिहा : गाव, तारीख, मंडळी, लेखक, कोणी काय केले, पेटी-तबल्यावर कोण होते, प्रॉम्प्टिंग कोणाचे, पडदा किती वाजता उघडला आणि मंडप कोठे उठून गेला. नाव आठवत नसेल तर गावातल्या मंडळाला विचारा, पोस्टर अजून कोणाच्या तरी माळ्यावर असेल. माझे पहिले परीक्षण मी उद्या याच धाग्यात जोडतो. त्यात स्तुती आहे, आणि दुसऱ्या अंकाबद्दल बरीच तक्रारही आहे.