डोली चालते, मग व्हीलचेअर का नको?



सम्मेद शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची. नऊ चढायचे, नऊ टोंकांच्या परिक्रमेचे, नऊ उतरायचे. ज्यांना चालवत नाही त्या डोलीत बसतात, आणि खाली आल्यावर त्यांनाही सगळ्याजणी तितक्याच आनंदाने विचारतात, "झाली का हो वंदना?" श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या ६०० हून जास्त पायऱ्या, तिथेही डोली. डोलीतून गेलेल्या बाईचं दर्शन कुणी अर्धं धरत नाही. पण याच बायका परदेशी लेकीकडे निघाल्या आणि कुणी व्हीलचेअरचं नाव काढलं, की लगेच "अगं नको, लोक काय म्हणतील" सुरू होतं. हे मला पटत नाही. डोलीत निदान दुसऱ्याच्या खांद्यावर आपला भार पडतो, त्याची टोचणी लागली तर मी समजू शकते. व्हीलचेअरला चाकं असतात.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. या आजारात आपली प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लॅस्टिक निघावं तसं. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो. मला १६ वर्षं झाली. घरात मी काठी घेऊन चालते, स्वयंपाक बसून करते. दीड-दोनशे पावलं झाली की डावा पाय फरफटायला लागतो. चेहऱ्यावर मात्र काही दिसत नाही. त्यामुळे "तुला कुठे काय झालंय? चालतेस की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं.

चालता येतं म्हणूनच व्हीलचेअर घ्यायची. एमएसच्या माणसाला रोज शक्तीचा एक ठरावीक डबा मिळतो, आणि तो संपला की मधे भरून मिळत नाही. मोठ्या विमानतळावर चेक-इनपासून गेटपर्यंत सहज एक-दीड किलोमीटर होतं. तो डबा मी तिथल्या गुळगुळीत फरशीवर का सांडू? तो मला पलीकडे पोचल्यावर नातवासाठी हवा. फिजिओथेरपिस्टनी दिलेले व्यायाम मी रोज करते, ते वेगळं. रांगेत उभं राहून पाय लटपटवणं हा व्यायाम नव्हे.

तिकीट काढताना "व्हीलचेअर हवी" एवढंच सांगू नका. विमानवाल्यांकडे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, अगदी सीटपर्यंत न्यावं लागतं. चुकीचा प्रकार नोंदला गेला तर बसमधून उतरल्यावर विमानाच्या शिडीपाशी उभं राहायची वेळ येते. निदान ४८ तास आधी कळवा आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे, त्यामुळे हे मागताना कुणापुढे ओशाळं व्हायचं कारण नाही.

इथे एक कडू बोलते. आपल्याकडच्या काही धडधाकट सासूबाई "इंग्रजी येत नाही, रांग वाचते" म्हणून व्हीलचेअर लावतात आणि सामान यायच्या पट्ट्यापाशी पोचल्यावर टुणकन उठून स्वतःच्या बॅगा ओढतात. भीती खरी असते, मान्य. पण वाट दाखवायला नुसता सोबतीचा माणूसही मागता येतो, त्याला 'मीट अँड असिस्ट' म्हणतात. खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसं मोजकीच असतात. आपल्या सोयीची खुर्ची दुसऱ्या कुणाच्या गरजेची असते, एवढा विवेक आपण ठेवायला हवा.

लेकीचं बाळंतपण लंडनला, जूनमध्ये. मी निघणार म्हटल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "तू जाऊन काय करणार गं? उलट तिलाच तुझं करावं लागेल." त्या वाईट नाहीत. डिंकाचे लाडू त्यांनीच करून दिले. पण त्या वाक्याने मी दोन रात्री झोपले नाही. आईने जायचं ते राबायलाच, असं आपण धरून चालतो. उभं राहून बाळाला न्हाऊ घालणं मला जमणार नव्हतंच. ते जावयाने केलं. मी खुर्चीवर बसून, टेबलावर दुपटं अंथरून बाळाला तेल लावलं, भाज्या निवडल्या, रात्री दोन वाजता रडणाऱ्या लेकीपाशी बसले. आईने एवढंच केलं तर ती कमी पडते का? मला नाही वाटत.

आता जे आपण मोठ्याने बोलत नाही ते. एमएसमध्ये लघवीची घाई होते, कधी थांबवताच येत नाही. म्हणून बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असं करू नका. त्याने जंतुसंसर्ग होतो, आणि संसर्ग किंवा ताप आला की एमएसची लक्षणं उफाळतात. पॅड वापरा, कडेची आणि स्वच्छतागृहाजवळची सीट मागून घ्या. ब्रिटनमध्ये दिव्यांगांची बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं एकाच किल्लीने उघडतात. १९८१ पासूनची ही योजना आहे, आणि 'रडार की' म्हणून ती किल्ली विकत मिळते. लेकीने माझ्यासाठी आणलेली सगळ्यात मोलाची भेट तीच.

माझं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते हातातल्या पिशवीत ठेवायचं, सामानाच्या बॅगेत कधीच नाही. एक तर बॅग हरवते, नाहीतर खाली गारठून औषध वाया जातं. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, त्यात औषधाचं मूळ नाव. विमा काढताना आजार लपवू नका. तिथे पाहुण्याला रुग्णालयात दाखल व्हायचे पैसे पडतात, आणि लपवलेल्या आजारावर विमा कंपनी हात झटकते.

लंडनबद्दल थोडं. बसला रॅम्प असतो, ड्रायव्हर बटण दाबून तो काढतो. काळ्या टॅक्सीत खुर्चीसकट बसता येतं. भुयारी रेल्वेच्या मात्र साधारण एक तृतीयांश स्थानकांवरच पायऱ्या टाळता येतात, तेव्हा नकाशा बघूनच निघायचं. हीथ्रोवरून येणाऱ्या एलिझाबेथ लाइनवर सगळीकडे लिफ्ट किंवा उतार आहेत. ज्यांचा आजार दिसत नाही त्यांच्यासाठी सूर्यफुलांची हिरवी फीत असते. २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली. गळ्यात घातली की सारखं समजावत बसावं लागत नाही. तरी एका विमानतळावर मदतनीस माझ्या डोक्यावरून यांनाच विचारत होता, "यांना चालता येतं का?" उत्तर मी दिलं.

तिथली हवा मात्र मला मानवली. उष्म्याने एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, हे ऊथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. आपल्या सांगलीच्या मे महिन्यात मी दुपारी निम्मी बाई असते. आणि जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे रात्रीभोजनाचा नियम अगदी सुखाने पाळला गेला. लेक म्हणाली, "आई, तू इथे आठला जेवलीस तरी दिवसच आहे."

निघताना एका ओळखीच्या काकूंनी समजावलं होतं, हे तुझं असाता वेदनीय कर्म, शांतपणे घरी बसून भोग. वेदनीय कर्म मलाही माहीत आहे, पाठशाळेत शिकलेय. पण घरी बसूनच भोगायचं, असं माझ्या बाईंनी तरी शिकवलं नव्हतं. ज्याला ते उदयाला आलंय त्याने समता ठेवावी, बघणाऱ्याने करुणा ठेवावी. बघणाऱ्यांनी हिशेब मांडत बसावं, हे कुठून आलं?

परतायच्या आधी आम्ही रेल्वेने लेस्टरला गेलो. रॅम्प आधी सांगून ठेवला होता, माणूस फलाटावर वाट बघत उभा. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चच्या इमारतीत तिथलं जैन मंदिर आहे, १९८८ पासून. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी, सगळ्यांची जागा एकाच छपराखाली. नातू मांडीवर होता. सव्वा महिन्याचा. मी खुर्चीत बसूनच णमोकार म्हटला, आणि तो झोपून गेला.