जिद्द कोणाची, दागिने कोणाचे?

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधल्या एका पोरानं जाहीर केलं, "मी नोकरी सोडतोय. फिल्म करणार." वय सव्वीस, लग्न नाही, डोक्यावर कर्ज एकच, तेही बाईकचं. टेबलावर क्षणभर शांतता, आणि मग सगळे एकदम सुटले. "जबरी!", "आयुष्य एकदाच मिळतं रे", वगैरे वगैरे. कोणीतरी सत्यजित राय यांचा दाखला दिला. दागिने गहाण टाकले, पण सिनेमा पूर्ण केला! मी डब्यातली भेंडी संपवत गप्प बसलो. गप्प बसण्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी राय यांची गोष्ट नीट बघू, कारण ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण सुरू झालं ऑक्टोबर १९५२ मध्ये आणि सिनेमा कलकत्त्यात लागला ऑगस्ट १९५५ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं म्हणजे अडचणींची मालिकाच. गाणी नसलेल्या सिनेमाला निर्माता मिळेना. छायाचित्रकार सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे, आणि मूव्ही कॅमेरा त्यांनी त्याआधी कधी चालवलेलाच नव्हता. काशफुलांच्या रानातला तो प्रसिद्ध प्रसंग अर्धा चित्रित झाला. पुढच्या खेपेला ही मंडळी तिथे पोचली, तर गुरांनी सगळी फुलं फस्त केलेली! मग पुढच्या मोसमापर्यंत थांबा. मिठाईवाल्याचं काम करणारा माणूस मधेच वारला, तेव्हा तशाच अंगाचा दुसरा माणूस आणून त्याला पाठमोरा दाखवला. कुत्राही बदलावा लागला. पैशाअभावी काम जवळजवळ वर्षभर बंद होतं. त्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसायला लागली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी टिकल्या, याला राय स्वतः चमत्कारच मानत. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले. नावात 'पथ' आहे म्हणून ते रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडले, असा किस्सा आहे. (सरकारी फाईल शेवटी सरकारी फाईलच असते.)

आता या गोष्टीतले दोन तपशील बघा, जे टेबलावर कोणीच बोललं नाही.

पहिला. राय यांनी नोकरी सोडली नव्हती. ते एका ब्रिटिश जाहिरात कंपनीत कलाविभागात होते आणि सुरुवातीचं चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी चालायचं. म्हणजे जगातल्या एका थोर सिनेमाची सुरुवात आपल्याच भाषेत सांगायची तर 'वीकेंड प्रोजेक्ट' म्हणून झाली.

दुसरा जास्त महत्त्वाचा. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं ते राय यांनी. पण दागिने त्यांचे नव्हते, ते बिजोयाबाईंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे होते. आपल्या दादासाहेब फाळक्यांकडे या. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. इथेही पॉलिसी गहाण, आणि इथेही दागिने सरस्वतीबाईंचे. शिवाय फिल्मच्या पट्टीला भोकं पाडणं आणि सगळ्या कंपूचा स्वयंपाक हेही त्यांच्याचकडे. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याला घेतलं, ही गंमत सगळ्यांना पाठ असते. ज्या बाईनं घरात बसून निम्मं युनिट चालवलं तिचं नाव मात्र क्विझमध्येसुद्धा येत नाही.

तेव्हा 'जिद्द' म्हणताना नेमकी कोणाची, हे विचारायला हवं असं माझं मत आहे. दिग्दर्शकाची असतेच. पण ती जिद्द चालू ठेवायचा महिन्याचा खर्च बहुधा दुसरंच कोणीतरी भरत असतं.

आणि जिद्द असली की होतंच, हेही तितकंसं खरं नाही. राय यांनी कॅमेरा सुरू केला त्याच कलकत्त्यात, त्याच १९५२ साली, ऋत्विक घटक यांचा 'नागरिक' पूर्ण झाला होता. पूर्ण! म्हणजे आपण ज्याला अंतिम रेषा समजतो ती त्यांनी आधीच ओलांडली होती. सिनेमा प्रदर्शित झाला १९७७ मध्ये. घटक १९७६ मध्येच गेले होते. त्यांच्याकडे चिकाटी कमी होती म्हणायची कोणाची हिंमत आहे? आपण यशस्वी लोकांच्याच अडचणी वाचतो. ज्यांचे दागिने गहाण गेले आणि सिनेमाही गेला, त्यांच्यावर लेख कोण लिहिणार?

आता माझं कारण.

२००८ साली पुण्यात आम्ही पाच जण एक लघुपट करत होतो. विषय साधा होता. एक म्हातारा, त्याचा बंद पडत चाललेला एसटीडी बूथ, आणि रोज त्याच नंबरला फोन करणारी एक मुलगी. भाड्याचा मिनी डीव्ही कॅमेरा, सदाशिव पेठेतला खराखुरा बूथ, रविवारी सकाळी सहा ते दहा. माझ्याकडे साउंड. पहिल्या रविवारचा सगळा आवाज वाया गेला, कारण शेजारच्या डेअरीतला फ्रीज गुरगुरत होता आणि हेडफोन लावून बसलेल्या शहाण्याला (मला) तो ऐकूच आला नाही. चौथ्या रविवारी गेलो तर मालकानं बूथ हिरवा रंगवून मोबाईल रिचार्जचं दुकान केलेलं. त्याचं तरी काय चुकलं? धंदाच तो होता. आमचे दिग्दर्शक फुटपाथवर बसले, चहा मागवला आणि म्हणाले, "ठीक आहे, मग बूथ रंगवला जातो हेच कथेत घेऊ."

मार्च २००९ मध्ये मला ऑनसाइट मिळालं. "दोन महिन्यांत येतो रे," म्हणालो आणि तीन वर्षांनी आलो. वाईट ते नाही. साउंडच्या सगळ्या फाईल्स माझ्या कंपनीच्या लॅपटॉपवर होत्या. निघायच्या गडबडीत लॅपटॉप परत केला, तो नियमाप्रमाणे पुसला गेला. रोज बॅकअपच्या गप्पा मारणारा मी, आणि दुसरी प्रत ठेवली नव्हती. तिकडून फोनवर हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. मीच वर शहाणपणा केला, "जरा प्रॅक्टिकल हो, सोडून दे आता."

त्यानं सोडलं नाही. आजोबांचे सगळे संवाद त्यांच्याच घरी, गाद्यांच्या कपाटाला पाठ लावून पुन्हा रेकॉर्ड केले. नोकरी त्यानं मधे दीड वर्ष सोडली होती, तेव्हा फ्लॅटचा हप्ता वहिनी भरत होत्या. २०१३ मध्ये चौतीस मिनिटांची फिल्म पूर्ण झाली. महोत्सवांनी नाकारली. सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक लोकांसमोर दाखवली, नंतर बटाटेवडे. शेवटी नावं आली. 'ध्वनी' खाली दोन नावं होती आणि पहिलं माझं होतं. मला वर बघवेना. नंतर वहिनींना विचारलं, "कंटाळा नाही आला?" म्हणाल्या, "आला की. पण त्यानं दर सहा महिन्यांनी मला हिशोब दाखवला आणि विचारलं, थांबवू का? न विचारता केलं असतं तर मीच थांबवलं असतं."

चिकाटीबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य मला जास्त पटलं. चिकाटी म्हणजे डोळे मिटून धडका मारणं नाही. काम अशा अवस्थेत ठेवायचं की वर्षभर बंद पडलं तरी पुन्हा उचलता येईल. गुरांनी फुलं खाल्ली तर पुढच्या मोसमाची वाट बघायची, बूथ हिरवा झाला तर हिरवा घ्यायचा. आणि ज्यांच्या जिवावर हे चाललंय त्यांना अधूनमधून विचारायचं. एवढं करूनही 'नागरिक' होऊ शकतो, हे धरूनच.

आता साधनं स्वस्त झालीत हे खरंय. शॉन बेकरनं २०१५ चा 'टँजरीन' आयफोनवर शूट केला आणि २०२५ मध्ये 'अनोरा'साठी त्याच माणसानं चार ऑस्कर नेली. पण स्वस्त झाला तो कॅमेरा. रविवार नाही झाला. सहाव्या रविवारीही पहाटे साडेपाचला येणारी माणसं आजही तितकीच महाग आहेत.

असो. संध्याकाळी त्या पोराला चहाला नेलं. राजीनाम्याआधी सहा रविवार शूट करून बघ आणि घरी आकडे दाखव, एवढंच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला साउंड येतं ना?"

मी कॅलेंडर काढून सहा तारखा लिहून दिल्या. कालच दोन हार्ड डिस्क घेऊन आलोय. दोन.