ऑटोमॅटिक गाडी घेताना आधी गिअरबॉक्स ओळखा

मिरजेहून आपांचा फोन आला. "अरे, जुनी गाडी घ्यायचं ठरवलंय. रविवारी ये. पण क्लचवाली नको हं."

आपा प्राथमिक शाळेत शिकवतात. शाळा घरापासून चौदा किलोमीटर. बारा वर्षे स्कूटरने गेल्या, पावसात भिजल्या, आता डाव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली आहे. क्लच डाव्या पायानेच दाबायचा असतो, म्हणून ऑटोमॅटिक. अब्बा-अम्मींना दवाखान्यात न्यायचे तर मागे नीट बसता यावे आणि डिकीत व्हीलचेअर मावावी, म्हणून सेडान. जवळ पैसे किती? सहा वर्षांची बचत आणि दोन भिशा मिळून साडेपाच लाख. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे घरात आधीच ठरलेले. म्हणजे गाडी चुकली तर दुसरी घेण्याची सोय नाही. अनेक घरांत पहिली गाडी अशीच येते. म्हणून या महिन्यात आपांच्या निमित्ताने हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट, "ऑटोमॅटिक" हे एकाच यंत्राचे नाव नाही. जुन्या बाजारात साधारण चार प्रकार मिळतात, आणि दुरुस्तीचा खर्च प्रकारावर ठरतो.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच आपल्या पायाऐवजी यंत्र दाबते. २०१७ नंतरची पेट्रोल डिझायर, टिगोर यांत हा मिळतो. मायलेज चांगले, किंमत कमी, पण गिअर बदलताना मान थोडी पुढे जाते. आत क्लच आहे, तो झिजतो आणि बदलावा लागतो.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांवर फिरणारा पोलादी पट्टा असतो. २०१४ पासूनची पेट्रोल होंडा सिटी, २०१८ ची अमेझ, टोयोटा यारिस यांत तो आहे. गर्दीत लोण्यासारखा चालतो. मात्र त्याला त्याचेच खास तेल लागते आणि ते वेळेवर बदलावे लागते. हयगय झालेली असेल तर दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुन्या घाटणीचा ऑटोमॅटिक. पेट्रोल सियाझमध्ये चार गिअरचा, २०१७ च्या व्हर्नामध्ये सहा गिअरचा. पेट्रोल थोडे जास्त खातो, पण दणकट.

चौथा प्रकार दुहेरी क्लचचा. व्हेंटोमधला डीएसजी हा त्यातलाच. चालवायला मजा येते, पण त्याचे सुटे भाग महाग आणि काम जाणणारे कारागीर लहान शहरात सहज मिळत नाहीत. मर्यादित पैशांत पहिली गाडी घेणाऱ्याने वॉरंटी शिल्लक नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत.

रविवारी आम्ही पहिली गाडी पाहिली. सीव्हीटी, पांढरीशुभ्र, आतून अत्तराचा वास. किंमत बाजारभावापेक्षा पन्नास हजारांनी कमी. विकणारा म्हणाला, "दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, दहा हजार बयाणा ठेवा." आपांचा हात पर्सकडे गेलासुद्धा. भाईजान म्हणाले, "थांबा, आधी चाचांना बघू द्या." चाचा म्हणजे आमच्या ओळखीचे मिस्त्री, हजार रुपये देऊन त्यांना सोबत आणले होते.

चाचांनी इंजिन पाहिलेच नाही. त्यांनी चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर मातकट डाग निघाले. सीटखालच्या रुळांना गंज. डिकीत स्टेपनी उचलली, तर खाली खाचेत वाळलेला गाळ. चाचा एवढेच म्हणाले, "ही पोहून आलीय."

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, हे आपण विसरलेलो नाही. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स संगणक आणि सेन्सरवर चालतो. पाणी शिरलेल्या वायरिंगचा त्रास सहा महिन्यांनीही सुरू होतो. वास दाबायला अत्तर पुरते, गंज दाबायला पुरत नाही.

आपा परतताना गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ऐब सांगून माल विकावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो." मी म्हटले, "खरं आहे आपा, पण विचारणं आणि तपासणं हे आपलं काम." तेव्हा तपासायचे कसे, ते थोडक्यात सांगतो.

गाडी सकाळी, थंड असताना पाहा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर विचारा, आधीच का चालू केली होती? इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवा आणि पी, आर, एन, डी असा गिअर सावकाश फिरवा. डी किंवा आर टाकल्यावर गाडीने क्षणभरात पकड घ्यावी. धडका बसला किंवा दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही, तर शंका घ्या. मग अर्धा तास चालवा. बाजारातली गर्दी, एखादा चढ आणि मोकळा रस्ता, तिन्ही हवेत. गिअरबॉक्सचे बरेच दोष तो तापल्यावरच दिसतात. चढावर थांबून पुन्हा निघा, चढावरच मागेही घ्या. निघताना थरथर, वेग वाढताना घोंघाव, किंवा इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, यांपैकी काहीही आढळले तर नमस्कार करून परत या. ओबीडी स्कॅनर लावून साठलेले दोष वाचायला शहरातले बहुतेक गॅरेजवाले पाचशे-हजार घेतात. ते पैसे वाया जात नाहीत.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. सर्व्हिसची बिले मागा आणि तारखेनुसार किलोमीटर वाढत गेले आहेत का पाहा. गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची नोंद शोधा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वीस हजार चालली म्हणतात आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे, तर हिशेब जुळत नाही.

आता कागद. आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. बाकी असलेली ई-चलने विकणाऱ्याकडून भरून घ्या. दिल्लीच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण इथे आणल्यावर फॉर्म २८ चे पत्र आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरा, मग किंमत मोजा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. म्हणून हप्ता थोडा वाढेल.

आणि आपण आपली गाडी विकतो तेव्हाही नाव बदलल्याची खात्री करा. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकून मोकळे झालो असे समजणाऱ्याच्या दारात अपघाताच्या भरपाईची नोटीस येऊ शकते.

आपांनी पुढच्या दीड महिन्यात पाच गाड्या पाहिल्या. शेवटी घेतली २०१७ सालची पेट्रोल सियाझ, चार गिअरचा जुना ऑटोमॅटिक, बावन्न हजार किलोमीटर. मालक एक निवृत्त गृहस्थ. सगळी बिले फाइलमध्ये लावलेली. मागच्या दारावर ओरखडा होता, तो त्यांनी स्वतःच दाखवला. चार लाख सत्तर हजारांत ठरले. गाडी साडेचार मीटर लांब, म्हणून भाईजानांनी आधी गल्लीतली जागा टेपने मोजून घेतली. शहरात लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. आपांनी ते मान्य केले.

उरलेल्या ऐंशी हजारांत नाव बदलणे, विमा, चार टायर, बॅटरी आणि सगळी तेले झाली, तरी थोडे शिल्लक राहिले. हाच नियम धरा. जवळ असलेल्या रकमेची गाडी घेऊ नका. सातवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

आता आपा अम्मींना मागे बसवून दवाखान्यात नेतात. डावा पाय मोकळा असतो. अम्मी मात्र अजून म्हणतात, "त्या पांढऱ्या गाडीला वास किती छान होता!"