दोन रानकोंबडे

कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण टोपलीखालचा तो प्राणी मूळचा कोणत्या रानातला, असे विचारणारा विरळाच. त्याचे दोन रानटी सोयरे आपल्या देशात नांदतात. राखी रानकोंबडा सह्याद्रीतला आणि दक्षिणेतला. तांबडा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतातून गोदावरीपर्यंतचा. एकाची प्रीती सागवनावर, दुसऱ्याची सालवनावर. पचमढीच्या आसपास दोघांच्या शिवा भिडतात.

तांबडा म्हणजे गावठी कोंबड्याचीच घासूनपुसून लख्ख केलेली आवृत्ती. आरवतोही तसाच, फक्त शेवटचा सूर आखडता घेतो. राखीचे आरवणे निराळे, तुटक. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब गोठावेत तसे पिवळसर ठिपके असतात, आणि त्यांनीच त्याचा घात केला. विलायतेत मासे गळाला लावण्यासाठी पिसांच्या खोट्या माशा करतात. त्या हौसेपायी या पिसांची वर्षानुवर्षे निर्यात झाली. साहेबाची करमणूक आणि आमच्या पाखराचा जीव! १९७२ च्या कायद्याने त्याला अभय दिले खरे. पण रानातल्या फाशाला कायदा वाचता येत नाही.

मग घरच्या कोंबडीचा पूर्वज कोण? फ्रेंच प्रवासी सोनेरा याने अठराव्या शतकात तो मान राखीला दिला. राखीच्या शास्त्रीय नावात आजही त्याचेच नाव आहे. डार्विनने १८६८ साली तांबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि खटला मिटला असे सर्वांनी धरले. पुढे २००८ मध्ये स्वीडनमधील उप्सालाच्या संशोधकांनी तो पुन्हा उघडला. पाळीव कोंबडीच्या कातडीला पिवळेपणा देणारा जनुक तांबड्याकडून नव्हे, राखीकडून आलेला निघाला. म्हणजे घराणे तांबड्याचे, पण पिवळे पाय दक्षिणेच्या आजोळचे. सोनेरा अगदीच चुकला नव्हता म्हणायचा!

आता ओघ उलटा वाहतो आहे. रानाच्या कडेला चरणाऱ्या गावठी कोंबड्यांशी तांबड्याचा संकर होतो, आणि अस्सल तांबडा ओळखणे जाणकारांनाही जड जाते. एक खूण मात्र सांगतात. अस्सल नर पावसाळ्याच्या सुमारास मानेची सोनेरी पिसे टाकतो आणि काही काळ आखूड, काळपट पिसांवर भागवतो. गावठी कोंबडा बारा महिने नटलेलाच असतो.